वडिलांच्या बुटांना नवा तळ बसवायचा आहे: नागपुरात हे काम कुठे आणि कसं होतं?

अंबाझरीकर | ६ जुलै, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बाबा रेल्वेत गार्ड होते, २००९ साली अजनीहून निवृत्त झाले. त्यांचे तपकिरी चामड्याचे, घोट्यापर्यंत येणारे बूट आहेत. १९८८ मध्ये एका लग्नाला कानपूरला गेले होते, तेव्हा घेतलेले. थंडीच्या दिवसांत मालगाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये रात्रभर बसायचं म्हणजे पाय गारठायचे, म्हणून ड्यूटीला हेच बूट. रविवारी सकाळी अंगणात वर्तमानपत्र पसरून ते पॉलिश करत बसायचे आणि डबी धरायचं काम माझं असायचं. तो वास अजून नाकात आहे.

गेल्या आठवड्यात माळा आवरताना बूट सापडले. वरचं चामडं अजून जिवंत आहे, फक्त बोटांपाशी सुरकुत्या आहेत. पण उजव्याच्या तळाला चवड्याखाली रुपयाएवढं भोक पडलंय, डाव्याचा पुढचा भाग पापुद्र्यासारखा उघडलाय आणि दोन्ही टाचा बाहेरच्या बाजूने झिजल्यात.

बर्डीवर एका दुकानात दाखवले. त्यांनी हातातही न घेता सांगितलं, "हे आता होत नाही, नवे घ्या." रस्त्यावरच्या एका काकांनी वरून रबराचा तुकडा चिकटवून चुका (बारीक खिळे) मारून देतो म्हटलं, दीडशे रुपयांत. माझं मन झालं नाही. बाबा ७६ वर्षांचे आहेत. दिवाळीच्या आत हे बूट त्यांच्या पायात घालायची इच्छा आहे. कोणाला या कामाची माहिती असेल तर सविस्तर सांगा.

---

मेघा_प्रतापनगर | ६ जुलै, रात्री १०:२०

वाचतेय. माझ्याकडेही आईच्या दोन जोड्या अशाच पडून आहेत. दीडशे रुपयांत चुका मारून घेतल्या नाहीत हे बरं केलंत, मी एकदा तसं करून पस्तावले आहे.

---

रापी | ६ जुलै, रात्री ११:३५

अंबाझरीकर, बूट टाकू नका. आमचं महालात जोड्यांचं दुकान होतं, आजोबा आणि वडील दोघंही कारागीर. मी आता दुसरी नोकरी करतो, पण पंधराव्या वर्षापर्यंत दुकानातच बसलो आणि रापी, म्हणजे चामडं कापायची सुरी, धरायला शिकलो. म्हणून हे नाव घेतलंय.

कारागीर शोधण्याआधी बूट कसा बांधलेला आहे ते पाहा, पुढचं सगळं त्यावर ठरतं. उजेडात बसा आणि तीन गोष्टी बघा.

आधी हात आत घाला. आतला तळ म्हणजे पाय टेकतो ते चामडं. वर सैल पातावा असेल तर काढा. त्या चामड्यावर कडेकडेने टाक्यांची रांग बोटाला लागते का?

मग बूट उलटा करा. जमिनीला लागतो त्या तळावर कडेपासून थोडं आत टाके दिसतात का? कधी कधी ते एका चिरेत लपवलेले असतात, तेव्हा नखाने चाचपा.

शेवटी वरचं चामडं आणि तळ यांच्यामधून बाहेर डोकावणारी पट्टी बघा. तिला वेल्ट म्हणतात. तिच्यावरचे टाके खरे आहेत की नुसते उठवलेले? हल्ली चिकटवलेल्या बुटांवरही शोभेसाठी टाके दाखवतात. टाका वर दिसतो आणि खाली कुठेच उतरत नसेल तर तो शोभेचा.

आत टाके असतील तर ब्लेक पद्धत. लायमन ब्लेक या अमेरिकन माणसाने १८५८ मध्ये तिच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्यात एकच टाका आतल्या तळापासून बाहेरच्या तळापर्यंत आरपार जातो. बूट हलका आणि लवचीक होतो, पण टाक्याच्या वाटेने पाणी आत येतं, आणि बुटाच्या आत पोचणारं यंत्र असल्याशिवाय तळ नीट बदलता येत नाही.

आत टाके नसून वेल्टवर आणि खाली असतील तर तुमचं नशीब चांगलं. ती गुडइयर वेल्ट. रबर पक्कं करायची रीत शोधणाऱ्या चार्ल्स गुडइयरच्या मुलाच्या नावाने ती ओळखली जाते, १८७० च्या सुमाराला हे यंत्र रूढ झालं. त्याआधी शेकडो वर्षं हेच काम हाताने व्हायचं. यात शिवण दोन असतात. पहिली वरचं चामडं, आतला तळ आणि वेल्ट एकत्र धरते. दुसरी वेल्ट आणि बाहेरचा तळ जोडते. तळ झिजला की फक्त दुसरी उसवायची, पहिलीला हातही लागत नाही. मूळ बांधणीतच दुरुस्तीची सोय करून ठेवलेली आहे.

कुठेच खरे टाके नसतील तर तळ नुसता चिकटवलेला आहे. आज बाजारातले बहुतेक बूट तसेच असतात. त्यांचाही तळ बदलता येतो, पण ते काम वेगळं.

---

अंबाझरीकर | ७ जुलै, सकाळी ८:१५

रापी, मनापासून आभार. चहा घेता घेता पाहिलं. आत टाके नाहीत. खाली कडेपासून बोटभर आत बारीक चीर आहे आणि तिच्यात दोरा लागतो. वेल्टवरचे टाके खरे वाटतात, डाव्याच्या पुढच्या बाजूला चार-पाच तुटलेत. उजव्याच्या भोकातून काळपट भुगा पडतोय. काही कुजलंय का?

---

रापी | ७ जुलै, दुपारी १:४०

कुजलेलं नाही. तो बुचाचा भुगा आहे. वेल्ट फिरवल्यावर आतला तळ आणि बाहेरचा तळ यांच्यामध्ये पोकळी राहते, ती बूच आणि डिंकासारख्या लगद्याने भरतात. त्या बुचावर माणसाच्या पायाचा ठसा उमटत जातो. म्हणून जुना बूट ज्याचा त्यालाच बसतो.

काम कसं होतं ते सांगतो, म्हणजे कारागिराशी बोलताना तुम्हाला कळेल.

बूट आधी फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर, चढवतात. जुने लोक कलबूत म्हणायचे, आता सगळे फर्माच म्हणतात. हे फार महत्त्वाचं. फर्मा न घालता तळ काढला तर बूट आकार सोडतो आणि नवा तळ वाकडा बसतो. मग टाच उतरवतात. ती चामड्याच्या थरांची असते, एकेक थर सुटतो. मग रापीच्या टोकाने वेल्ट आणि तळ यांच्यामधला दोरा कापत जायचं. इथे घाई केली की वेल्ट कापली जाते आणि काम दुप्पट होतं. वडील या वेळी कोणाशी बोलत नसत.

तळ निघाला की जुना बूच खरवडायचा आणि मधली लोखंडी पट्टी तपासायची. पायाच्या कमानीखाली असते ती, शँक म्हणतात. गंजली असेल तर बदलायची, कारण नव्या तळाखाली गेल्यावर पुन्हा पाच-सात वर्षं कोणी बघणार नाही. मग नवा बूच भरून सपाट करायचा.

आता नवा तळ. चामड्याचा हवा असेल तर चार-साडेचार मिलिमीटरचं, झाडाच्या सालीने कमावलेलं म्हशीचं चामडं लागतं. आपल्याकडे ते बहुतेक कानपूरकडून येतं. आपल्या भागात कमावणीला बाभळीची साल, तरवड आणि हिरडा वापरायची जुनी रीत आहे. हे चामडं पाण्यात भिजवतात, ओलसर झालं की गुळगुळीत दगडावर ठेवून हातोडीने ठोकतात. ठोकून ते दाट होतं, आणि दाट चामडं झिजायला वेळ घेतं. आजोबा ठोकल्याच्या आवाजावरून सांगायचे, अजून किती. आधी आवाज भद्द येतो, चामडं बसलं की टणक होतो.

मग चिकटवणं, कडेने कापणं आणि शिवण. हाताने शिवताना टोकाला आकडी असलेली आरी (मुठीची जाड सुई) वरून खुपसतात, खाली दोरा आकडीत अडकवून वर ओढतात आणि त्या फासातून दुसरं टोक घालून दोन्हीकडून ताणतात. दोऱ्याला मेण चोळलेलं असतं. मेणाने दोरा भोकात घट्ट बसतो आणि पाणी धरत नाही. शेवटी टाच, मग कड काचेच्या तुकड्याने खरवडून मेणाने घोटायची.

एक गोष्ट आवर्जून सांगा: टाके वेल्टच्या जुन्याच भोकांतून घ्यायचे. नवी भोकं पाडत गेलं तर वेल्ट पोस्टाच्या तिकिटासारखी भोकाभोकांवर फाटते.

ओळखीचे एक कारागीर आहेत, अजून हाताने करतात. पत्ता इथे टाकत नाही, त्यांना विचारून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

---

टेकडी_ते_चिखलदरा | ७ जुलै, रात्री ९:०५

उत्तम धागा, वाचनखूण साठवली.

थोडं वेगळं विचारतो. हिमालयात जायचं म्हणून सहा वर्षांपूर्वी महागडे ट्रेकिंग बूट घेतले. जाणं रद्द झालं आणि बूट खोक्यातच राहिले. गेल्या ऑगस्टमध्ये चिखलदऱ्याला गेलो, गाविलगडाच्या दुसऱ्या दरवाज्यापाशी डाव्या बुटाचा तळ पूर्ण सुटून हातात आला. अर्ध्या तासात उजव्याचाही. आतला फोम ओल्या बिस्किटासारखा चुरला. तसाच मोजे घालून, दोरीने बांधत खाली उतरलो. एकदाही न वापरलेले बूट! दुकानदार म्हणतो की वापरले नाहीत म्हणूनच गेले. असं असतं का?

(अवांतर: १८०३ च्या डिसेंबरमध्ये हा किल्ला नागपूरकर भोसल्यांकडून ज्याने घेतला तो आर्थर वेलस्ली म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. गमबुटांना वेलिंग्टन म्हणतात ते त्याच्याच नावावरून. उतरताना सारखं ते आठवत होतं.)

---

बुटीबोरी_रसायन | ७ जुलै, रात्री ११:१०

मी चिकटद्रव्यांच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून उत्तर देतो. दुकानदार बराचसा खरं बोलला. तुमच्या बुटात तळ आणि चामडं यांच्यामधला थर पॉलियुरेथेनचा होता. हवेतल्या बाष्पाने त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तुटतात, याला जलापघटन म्हणतात. बूट वापरात असला की थर दाबला जातो, हवा खेळते, ओल बाहेर पडते. बंद खोक्यात पावसाळ्यामागून पावसाळे गेले की तो आतून कुजतो. पाच ते आठ वर्षांत असे बूट गेलेले मी पुष्कळ पाहिलेत. वरचं चामडं चांगलं असेल तर सगळा थर काढून नवीन तळ लावता येतो, पण नुसतं पुन्हा चिकटवून घेऊ नका. चुरलेल्या फोमला कोणतंही सोल्यूशन धरणार नाही.

चिकटवण्याबद्दलही सांगतो, कारण "चिकटवलेलं टिकत नाही" ही समजूत बरोबर नाही. घाईने चिकटवलेलं टिकत नाही. रस्त्यावर मिळतं ते पिवळट सोल्यूशन निओप्रीनचं असतं. चामडं, कापड, साधं रबर यांना ते चांगलं धरतं. आधी दोन्ही पृष्ठभाग कानशीने खरखरीत करायचे आणि धूळ झटकायची. दोन्हीकडे पातळ थर द्यायचा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. बोट लावलं तर चिकटत नाही पण थर मऊ आहे, अशा वेळी जोडून हातोडीने ठोकायचं. पूर्ण ताकद यायला एक दिवस जातो. गिऱ्हाईक समोर उभं राहून "लवकर करा" म्हणत असतं, आणि कारागीर दोन मिनिटांत जोडून देतो.

तळ पीव्हीसीचा असेल तर निओप्रीन चालत नाही. पीव्हीसी मऊ ठेवायला घातलेलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि चिकटलेला थर सोडवतं. तिथे पॉलियुरेथेनचं चिकटद्रव्यच लागतं. टीपीआर (थर्मोप्लास्टिक रबर) तळाला आधी प्रायमर लावावा लागतो.

नागपूरच्या हवेचंही ध्यानात घ्या. मे महिन्यात पंचेचाळीस अंशात सोल्यूशन दोन-तीन मिनिटांत वरून सुकतं, थांबलात तर धरतच नाही. जुलैत उलट. द्रावक उडताना थर गार होतो आणि हवेतली ओल त्यावर बसते, पांढुरकं दिसतं. तसाच जोडला तर महिनाभरात सुटतो. जोडण्याआधी थोडी ऊब दिली की हे टळतं. काही कारागीर मेणबत्तीवर धरतात, ते याचसाठी. फक्त सोल्यूशनचा डबा झाकून लांब ठेवा, ते भडकन पेटतं.

---

कामठीकर | ८ जुलै, सकाळी ६:३०

अंबाझरीकर भाऊ, बूट फेकू नका जी. मी फौजेत बावीस वर्षं काढली. पहिले आमाले चामड्याच्या तळाचे बूट होते. खाली खिळे, टाचेले नाल, टोकाले लोखंडी पट्टी. परेडीत शंभर टाचा एकदम पडल्या तं जमीन हलल्यासारखी वाटे. प्रत्येक पलटणीत बूट दुरुस्त करनारा एक जवान राहे, आम्ही त्याले उस्ताद म्हनो. तो सांगे, "तळ संपायच्या आधी माझ्याकडं या, संपल्यावर नका येऊ." चामड्याच्या तळाच्या मधात अंगठ्यानं दाबून पाहा, दबला तं वेळ झाली. भोक पडेपर्यंत थांबलं तं आतला तळबी खराब होते.

मंग डीएमएस आले, डायरेक्ट मोल्डेड सोल. रबर सरळ बुटावरच ओतून जमवलेलं. मजबूत लय, पन झिजला तं झिजला, बदलाचा सवालच नाही. तुमचे बूट त्या जुन्या जातीचे हायेत. नीट करून घ्या. बाबांना माहा नमस्कार सांगजा.

---

वैशाली_धंतोली | ८ जुलै, दुपारी ३:२०

सगळं वाचलं. यात एक गोष्ट सुटलीय, ती कळकळीने सांगते. मी परिचारिका आहे, मधुमेहाच्या पायांच्या जखमा रोज बघते.

ज्यांना दहा-पंधरा वर्षं मधुमेह आहे, त्यांच्या तळव्यांची जाणीव पुष्कळदा कमी झालेली असते. तळाला मारलेली चूक काही दिवसांनी आत टोक काढते. तुम्हाला-मला लगेच टोचेल, त्यांना कळतच नाही. माझ्याकडे एक आजोबा आले होते, मोज्याला रक्त कसं लागलं म्हणून विचारत. बूट उलटा करून आत हात घातला तर टाचेपाशी चुकेचं टोक जवसाच्या दाण्याएवढं वर आलेलं. चार दिवस ते त्यावर चालत होते. जखम भरायला तीन महिने गेले. अंबाझरीकर, तुमच्या बाबांना मधुमेह असो-नसो, कारागिराला सांगा की पुढच्या भागात एकही चूक नको. टाचेत लागतातच, पण त्यांचं टोक वळवून चामड्यातच ठोकलेलं हवं. बूट हातात आला की आधी बोटांनी आतून चाचपा.

विदर्भाला ही गोष्ट नवीन नाही. आनंदवन १९४९ पासून आहे, दत्तपूरचं कुष्ठधाम तर १९३६ पासून. कुष्ठरोगात पाय बधिर होतात, म्हणून त्या रुग्णांसाठी एमसीआर रबराच्या चपला करतात. मायक्रो सेल्युलर रबर, अंगठ्याने दाबलं तर दबतं आणि परत वर येतं. खाली कडक तळ, वर हे मऊ रबर आणि कुठेही खिळा नाही, सगळं शिवलेलं किंवा चिकटवलेलं. मधुमेहींसाठीही हेच तत्त्व लागू आहे. बाजारात "मायक्रो" म्हणून हलकी कडक शीट मिळते, ती वेगळी. घेताना दाबून बघा.

---

अंबाझरीकर | ८ जुलै, रात्री ८:००

वैशालीताई, बाबांना नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या दिवशी दीडशे रुपयांना हो म्हटलं असतं तर... खरंच, फार उपकार झाले.

रापी, व्यनि मिळाला. शनिवारी जातो.

---

हिशेब_पक्का | ९ जुलै, सकाळी १०:४५

भावना समजतात, पण विचारतोच. पूर्ण तळ बदलायला दोन हजारांवर जातील. तेवढ्यात नवे बूट येतात. हा खर्च पटण्यासारखा आहे का?

---

रापी | ९ जुलै, दुपारी २:१५

प्रश्न रास्त आहे. दोन हजारांत येणारा नवा बूट चिकटवलेला असतो आणि वरचं चामडं बहुतेक वेळा खालच्या थराचं, वर रंगाचा लेप दिलेलं. दोन पावसाळ्यांत लेप सोलतो. अंबाझरीकरांच्या बुटाचं चामडं सदतीस वर्षांनंतर सुरकुततंय, सोलत नाहीये. तसा बूट आज घ्यायला गेलात तर दोन हजारांत मिळणार नाही.

आणि हे दोन हजार कशाचे, तेही सांगतो. एका बुटाला वेल्टभोवती हाताचे शंभर-सव्वाशे टाके. दोन पायांचे दोनशे-अडीचशे. प्रत्येक टाक्याला आरी खुपसायची, दोरा अडकवायचा, दोन्ही हातांनी ताणायचा. माझ्या वडिलांच्या दोन्ही करंगळ्यांच्या बुडाला दोऱ्याने पडलेल्या खाचा होत्या, शेवटपर्यंत भरल्या नाहीत. दोन दिवसांचं काम आहे हे. दोन दिवसांच्या कुशल कामाला आपण सुताराला, गवंड्याला किती देतो? जोड्यांचं काम आलं की मात्र पन्नास रुपयांवरून घासाघीस होते. मला याचा फार त्रास होतो. हे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या माथी मारलं गेलं आणि म्हणून त्याचं मोल कसं पाडलं गेलं, हे नागपुरात तरी वेगळं सांगायला नको.

मी पुढे दुकानात बसलो नाही त्याचं कारणही हेच. वडिलांनीच बसू दिलं नाही.

---

मेघा_प्रतापनगर | ९ जुलै, दुपारी ४:३०

रापी, हे वाचून गप्प झाले. आमच्या चौकातले काका उन्हात छत्री लावून बसतात. त्यांच्यासाठी काही योजना आहे का?

---

रापी | ९ जुलै, सायंकाळी ७:५०

आहे. सरकारी भाषेत त्यांना गटई कामगार म्हणतात. समाजकल्याण विभागाकडून त्यांना शंभर टक्के अनुदानावर लोखंडी पत्र्याचा स्टॉल मिळतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि जागेचा कागद लागतो. अडतं ते बहुतेक जागेच्या कागदावर. कर्जासाठी संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आहे, १९७४ पासूनचं. कागदपत्रं जुळवायला त्यांच्यासोबत एक दिवस काढता आला तर काढा. त्यांना एक दिवस धंदा बंद ठेवून रांगेत उभं राहणं परवडत नाही, हीच खरी अडचण असते.

---

टेकडी_ते_चिखलदरा | १० जुलै, रात्री ९:३०

आज पाऊस धो धो झाला आणि ऑफिसचे बूट पूर्ण भिजले. हीटरपुढे ठेवू का?

---

रापी | १० जुलै, रात्री ९:४५

अजिबात नको! चामडं तडकतं. पातावा काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला, मग रात्रभर पंख्याच्या वाऱ्यात आडवे ठेवा, म्हणजे तळालाही हवा लागेल. पूर्ण वाळले की मगच पॉलिश. बुरशी आली असेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये निम्मं पाणी घालून फडक्याने पुसा.

---

अंबाझरीकर | १६ ऑगस्ट, रात्री १०:१५

धागा वर काढतो. काम झालं!

कारागिरांनी दोन आठवडे मागितले होते, पाच लागले. चामडं यायला उशीर झाला आणि त्यांनी हातातलं दुसरं लावायला नकार दिला. "हे पोटाकडचं आहे, ढिलं. पाठीचं येऊ द्या," म्हणाले. मी घाई केली नाही.

तळ उतरवायच्या दिवशी त्यांनी मला बोलावलं होतं. खोली लहान, खिडकीपाशी त्यांची बसायची फळी, शेजारी तीन पायांची लोखंडी ऐरण, पाण्याची कुंडी, भिंतीला टेकवून ठेवलेले फर्मे. उजवा बूट मांडीत उलटा धरून चामड्याचा पट्टा वरून घेतला आणि पायाने ताणून धरला, म्हणजे बूट हलत नाही. मग रापीचं टोक चिरेत शिरलं आणि कट, कट, कट असा एकेका टाक्याचा आवाज येत गेला. रापी म्हणाले होते तसंच, ते त्या वेळी एक शब्द बोलले नाहीत.

तळ निघाला. त्यांनी वेल्ट उजेडाकडे धरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "हा तळ पहिला नाही." मला कळलं नाही. त्यांनी आरीच्या टोकाने दाखवलं. वेल्टच्या भोकांत जागोजाग पांढऱ्या जुन्या दोऱ्याचे तंतू अडकलेले होते आणि आम्ही काढलेला दोरा तर पिवळसर होता. म्हणजे आधी एकदा तळ बदललेला होता. "ज्यानं केलं त्यानं एकही भोक नवं पाडलं नाही," म्हणाले, आणि वेल्टवरून अंगठा फिरवला. मग डाव्याकडे वळले. तिथे पुढच्या बाजूला दोनच भोकं नवी होती. तिथेच टाके तुटले होते.

घरी येऊन बाबांना विचारलं. ते थोडा वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, "हो की. इटारसीला. सत्त्याण्णव साल असेल." मालगाडी घेऊन गेले होते, परतीची ड्यूटी दुसऱ्या दिवशी होती. स्टेशनाबाहेर एक म्हातारे कारागीर बसायचे, त्यांच्याकडे बूट दिले आणि दिवसभर रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीच्या खोलीत, स्वयंपाक्याच्या चपला घालून बसले. संध्याकाळी अंधार पडत आला तरी डाव्याचं टोक राहिलं होतं. गाडीची वेळ झाली. त्या म्हाताऱ्यांनी कंदिलाच्या उजेडात शेवटचे टाके घातले. बाबा म्हणाले, "त्यांना नीट दिसत नव्हतं, तरी सोडलं नाही." ती दोन भोकं तिथली.

मी हे कारागिरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "ती दोन मी भरून घेतो."

पुढच्या भागात एकही चूक नाही, मी दोनदा आतून चाचपलं. टाचेच्या खालच्या थराला रबर लावलंय, फरशीवर घसरू नये म्हणून. शँक गंजली होती, बदलली. एकूण बावीसशे झाले. मी पंचवीसशे दिले, तर त्यांनी तीनशेंच्या बदल्यात नवे पातावे कापून दिले.

आज बाबांनी घातले आणि हॉलमध्ये चार फेऱ्या मारल्या. डावा करंगळीपाशी जरा लागतो म्हणाले.

---

वैशाली_धंतोली | १६ ऑगस्ट, रात्री १०:४०

फार बरं वाटलं. पण "जरा लागतो" हे सोडून देऊ नका. आज झोपण्याआधी करंगळीपाशी लाल झालंय का ते स्वतः बघा, बाबांच्या सांगण्यावर राहू नका.

---

रापी | १६ ऑगस्ट, रात्री ११:२०

चामड्याचा तळ नवा असताना फळीसारखा ताठ असतो आणि बूच अजून दबलेला नाही, म्हणून पाय थोडा वर बसतो आणि करंगळीला वरून दाब येतो. पहिले दहा-बारा दिवस घरातच, रोज अर्धा तास, जाड मोजे घालून. मध्ये एक दिवस सोडा. करंगळी लाल दिसली तर लगेच थांबवा आणि बूट घेऊन त्यांच्याकडे जा, फर्म्यावर तेवढाच भाग ताणून देतात. पाऊस संपेपर्यंत बाहेर घालू देऊ नका.

आणि डाव्याचा पुढच्या बाजूचा फोटो टाका जमलं तर. ती दोन भोकं कशी भरली ते मला बघायचंय.